स्लॅबवर राख साचते. घर विकून निघून जावे का?

प्रश्न : आम्ही नागपूरजवळ कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेले आहे. उन्हाळ्यात स्लॅबवर कुरड्या वाळत घातल्या की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर करडा थर बसतो आणि कूलरच्या ताट्या आठवडाभरात राखाडी होतात. गेल्या तीन वर्षांत आमच्या गल्लीत चौघांना कॅन्सर निघाला : शेजारच्या काकूंना स्तनाचा, कोपऱ्यावरच्या दुकानदारांना तोंडाचा, एका आजोबांना प्रोस्टेटचा आणि एका शाळकरी मुलाला रक्ताचा. आम्ही बोअरचे पाणी पितो; टीडीएस मोजायला आलेल्या माणसाने ते चांगले असल्याचे सांगितले. शहरातल्या एका केंद्रात माझे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून यंत्र लावले, अर्ध्या तासात पाणी तपकिरी झाले आणि 'शरीरातले जड धातू बाहेर पडत आहेत, दहा बैठका घ्या' असे सांगितले. मिस्टर म्हणतात, हा पैशांचा चुराडा आहे. ते खर्रा (तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण) खातात, पण बिडी-सिगारेट किंवा दारूला शिवत नाहीत. दीर राखेच्या विटांच्या कारखान्यात कामाला आहेत. सुनेला पाचवा महिना आहे. बाळ येण्याआधी मागच्या पडवीचे जुने सिमेंटचे पत्रे फोडून तिथे स्लॅब टाकायचा होता. पण आता वाटते, घर विकून शहराच्या दक्षिणेला बेसा किंवा मनीषनगरकडे जावे. काय करावे?
— एक गृहिणी, कोराडी परिसर

उत्तर : ताई, ज्या दोन प्रश्नांत पैसा गुंतलेला आहे, त्यांची उत्तरे आधी देतो. पायांच्या त्या दहा बैठका घेऊ नका आणि गल्लीतील चार आजारांच्या धास्तीने राहते घर विकण्याची घाई करू नका. याचा अर्थ आपली काळजी खुळी आहे, असा मुळीच नाही. औष्णिक केंद्राच्या शेजारी संसार करणाऱ्या माणसाने राखेविषयी विचारलेच पाहिजे. मला खटकले ते निराळे. आपण ज्या गोष्टींविषयी जीव तोडून विचारले आहे, त्यांच्यापेक्षा अधिक धोक्याच्या तीन गोष्टी आपल्या पत्रात एकेका वाक्यात, जाता जाता येऊन गेल्या आहेत : मिस्टरांचा खर्रा, दिरांचे काम आणि पडवीचे पत्रे. विषाचे नाव ऐकून छातीत धडकी भरते, पण कर्करोगाचा धोका त्या नावावर ठरत नसतो. ते विष कोणत्या वाटेने, किती प्रमाणात आणि किती वर्षे शरीरात जात राहिले, यावर तो ठरतो.

त्या तपकिरी पाण्याचे आधी पाहू. यंत्राचा जो भाग पाण्यात सोडतात, त्यात लोखंडयुक्त धातूच्या पट्ट्या असतात. पाण्यात मीठ घातल्यामुळे त्यातून वीज सहज वाहते आणि विजेमुळे त्या पट्ट्या झपाट्याने गंजतात; पाण्याला जो तपकिरी रंग येतो, तो त्या गंजाचा असतो. तेच यंत्र पाय न बुडवता अर्धा तास चालवून दाखवा, असे त्या केंद्रात सांगून पाहावे. पाणी तितकेच तपकिरी होईल. दारोदार फिरून पाण्याची यंत्रे विकणारे काही लोक लोखंडी कांड्या पेल्यात सोडून आपल्या नळाचे पाणी 'किती घाण आहे' ते दाखवतात, त्यातही हीच करामत असते. तळपायाच्या त्वचेतून जड धातू बाहेर टाकण्याची कोणतीही व्यवस्था शरीरात नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि प्रत्येक पदार्थाच्या बाबतीत त्यांचा वेग वेगळा असतो. पाण्यातून पोटात गेलेले आर्सेनिक बहुतांशी काही दिवसांत लघवीवाटे निघून जाते. शिसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. कॅडमियम मूत्रपिंडांत १० ते ३० वर्षे मुक्काम करते. शिशाची विषबाधा रक्त तपासून सिद्ध झाली, तर ते बांधून बाहेर काढणारी औषधे असतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, कारण शरीराला लागणारी खनिजेही त्यांच्यासोबत निघून जाऊ शकतात.

याच संदर्भात सुनेविषयी एक सूचना करतो. गरोदरपणात 'रक्तशुद्धी'साठी किंवा 'ताकदीसाठी' कोणी खुल्या पुडीतील भस्म दिले, तर ते घेऊ नये. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन भागातल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. विष काढण्याच्या नावाखाली विष पोटात जाऊ नये, एवढी सावधगिरी घरातील वडीलधाऱ्यांनीच बाळगायची असते.

आता एखादा पदार्थ शरीरात जाऊन कर्करोग घडवतो म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व सल्ला त्यावर उभा आहे. १७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी नोंदवले की, लहानपणी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण तिथे साचणारी काजळी आहे. पुढे १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघा संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर चोळून तिथे कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ पर्यंत डांबरातून बेंझोपायरीन नावाचा पदार्थ वेगळा काढण्यात आला होता. हाच पदार्थ बिडीच्या धुरात, दगडी कोळशाच्या सिगडीच्या धुरात आणि जळत्या कचऱ्याच्या धुरातही असतो.

गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, बेंझोपायरीन मुळात फारसे क्रियाशील नसते. ते चरबीत विरघळणारे असल्यामुळे लघवीवाटे बाहेर टाकता येत नाही. म्हणून यकृतातील आणि फुफ्फुसांतील विकरे (एन्झाइम) त्याला पाण्यात विरघळेल असे रूप देऊ लागतात, आणि या खटाटोपात मधल्या एका टप्प्यावर जो पदार्थ तयार होतो, तो थेट डीएनएला चिकटतो. पेशीतील दुरुस्तीची यंत्रणा असे चिकटलेले तुकडे कापून टाकते आणि बहुतेक वेळा यशस्वी होते. परंतु दुरुस्ती होण्याआधी पेशीचे विभाजन झाले, तर ती चूक कायमची होऊन पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते. १९९६ साली असे दिसून आले की, पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पी-५३ या जनुकावर हा पदार्थ ज्या जागी चिकटतो, धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसांच्या कर्करोगात नेमक्या त्याच जागी बिघाड झालेला असतो. अशी एक चूक पुरेशी नसते. निरनिराळ्या जनुकांत अनेक चुका साठाव्या लागतात आणि त्याला वर्षे लागतात. वयाबरोबर कर्करोग वाढतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

प्रत्येक कर्करोगकारक पदार्थ डीएनएवर असा घाला घालतोच असे नाही. वयाबरोबर आपल्या सर्वांच्या ऊतींत काही बिघडलेल्या पेशी निपचित पडून असतात. हवेतील २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसांत दाह निर्माण करतात आणि त्या दाहामुळे अशा निपचित पेशी वाढीला लागतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात उंदरांवरील प्रयोगांतून आणि अनेक देशांतील रुग्णांच्या माहितीतून दिसले. कधीही धूम्रपान न केलेल्या माणसाला फुफ्फुसाचा कर्करोग कसा होतो, याचा एक धागा त्यातून हाती लागला. बाहेरील हवेच्या प्रदूषणाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत टाकले होते. या गटाविषयी मात्र फार गैरसमज आहे. तो पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. त्या एकाच गटात प्रदूषित हवा आहे, ॲस्बेस्टॉस आहे, तंबाखू आहे आणि नुसती सुपारीही आहे. म्हणून त्या सर्वांचा धोका सारखा, असा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या स्लॅबवरच्या राखेकडे येतो. डोळ्यांना दिसणारा, बोटाला खरखरीत लागणारा जो करडा थर आहे, त्यातील बहुतेक कण जाड असतात आणि श्वासाबरोबर आत गेले तरी नाकात व घशात अडकून शेंबडातून, खाकऱ्यातून बाहेर पडतात. फुफ्फुसांच्या तळाशी पोहोचणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते चिमणीतून येतात, तसेच ट्रकच्या डिझेलमधून, पेटवलेल्या कचऱ्यातून आणि धुराड्यातील गंधकाच्या वायूपासून हवेतल्या हवेत तयार होणाऱ्या क्षारांतूनही येतात. म्हणून स्लॅब काळवंडला की हवा वाईट आणि स्लॅब स्वच्छ दिसला की हवा चांगली, हा हिशेब खरा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' या ॲपवर जवळच्या केंद्राचे आकडे रोज पाहता येतात. आपल्या देशाचे मानक या सूक्ष्म कणांसाठी वर्षाच्या सरासरीने दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा अवघी ५ आहे. तेव्हा 'मानकाच्या आत' या शब्दांनी फार निर्धास्त होण्यातही अर्थ नाही.

जाड राखेचा धोका वाढतो तो आपल्याच झाडूने. कोरड्या खराट्याने स्लॅब झाडला की बसलेली राख पुन्हा उडते आणि झाडणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. आधी पाणी शिंपडावे, मग ओल्या फडक्याने किंवा पाण्याच्या धारेने धुवावे, आणि हे काम सुनेकडे देऊ नये. वाळवणे पातळ मलमलीखाली घालावीत. त्यांच्यावर पडलेल्या चिमूटभर राखेने कर्करोग होईल, असे मी म्हणणार नाही, पण शिसे-आर्सेनिकाचे अंश असलेली वस्तू लहान मुलाच्या ताटात येऊ देण्याचे काही कारण नाही. कूलर बाहेरची हवा ओढून घरात ढकलतो. ओल्या ताट्यांत जाड धूळ बऱ्यापैकी अडकते, सूक्ष्म कण मात्र बरेचसे आत येतात. म्हणून ताट्या आणि टाकी वेळच्या वेळी धुवावी आणि हवा फार खराब असलेल्या रात्री, उकाडा सोसवत असेल तर, कूलरऐवजी पंख्यावर भागवावे. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, याची मला जाणीव आहे. तोंडाला बांधलेली ओढणी उन्हापासून वाचवते, सूक्ष्म कणांपासून नाही. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. आणि बंद खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल रात्रभर जळत असेल, तर चिमणीला दोष देण्याआधी ती विझवावी. एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर ७५ ते १३७ सिगारेटी जळल्याइतके सूक्ष्म कण निघाल्याचे मोजले गेले होते. मच्छरदाणी याहून बरी.

पाण्याविषयी मात्र मी आपल्यापेक्षा जास्त काळजी करीन. टीडीएस मोजणारा पेन पाण्यातील एकूण क्षार दाखवतो आणि ते शेकड्यांत असतात. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि शिशाचीही तितकीच आहे. मर्यादेच्या दसपट आर्सेनिक असले, तरी त्या पेनचा आकडा हलल्याचे कळणार नाही. चवीला, वासाला, रंगालाही काही समजत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. औष्णिक केंद्रे राख जिथे पाण्याबरोबर सोडून साठवतात, त्या राखेच्या तलावांच्या परिसरातील भूजलात राखेतील धातू झिरपण्याची शक्यता असते. २०२२ च्या जुलैमध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखमिश्रित पाणी ओढ्या-नद्यांत गेल्याचे आपण पाहिलेच असेल. त्यामुळे आपल्या बोअरचा नमुना तपासून घेणे हे माझ्या मते आपल्या यादीतील पहिल्या दोन-तीन कामांपैकी एक आहे.

तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत करता येते. परंतु 'पिण्याच्या पाण्याची तपासणी' एवढेच सांगितले, तर क्षार, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू यांचाच अहवाल हातात पडण्याची शक्यता असते. आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम आणि पारा यांची नावे घेऊन तपासणी मागावी. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, पंप पाच-दहा मिनिटे चालू ठेवून मगच नमुना भरावा आणि एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळा संपल्यावर, अशी दोनदा तपासणी करावी. अहवाल येईपर्यंत निदान पिण्याला आणि स्वयंपाकाला नळयोजनेचे पाणी वापरावे. धातू मर्यादेबाहेर निघाले, तर बोअर पिण्यासाठी बंद करणे हाच खरा उपाय आहे. आरओ यंत्र आर्सेनिक बरेच कमी करते, पण त्याची पडदी वेळेवर बदलली गेली तरच.

पाण्याचा एवढा आग्रह धरण्यामागे चिली देशातील अंतोफागास्ता शहराचा अनुभव आहे. १९५८ साली या वाळवंटी शहराला एका नव्या नदीचे पाणी मिळू लागले आणि त्यात आर्सेनिक लिटरमागे ०.८ मिलिग्रॅमहून अधिक होते. १९७० साली शुद्धीकरण केंद्र सुरू झाले आणि ते झपाट्याने उतरले. पण फुफ्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यानंतर वाढत राहिले आणि विषारी पाणी बंद होऊन दोन-तीन दशके उलटल्यावरही त्या भागात ते देशाच्या इतर भागांपेक्षा कितीतरी अधिक होते. जे त्या काळात आईच्या पोटात किंवा पाळण्यात होते, त्यांनाही तरुणपणी त्याची झळ बसली. आपल्या घरात बाळ येणार आहे, म्हणून हे सांगितले.

याच अनुभवातून आपल्या गल्लीतील चौघांच्या प्रश्नाचेही उत्तर निघते. पर्यावरणातील विषाने होणारे घट्ट गाठींचे कर्करोग बहुधा दहा, वीस, चाळीस वर्षांनी वर येतात. गेल्या तीन वर्षांतील निदानांचे कारण गेल्या तीन वर्षांच्या राखेत शोधता येत नाही. शिवाय एकाच विषाचे फळ असेल, तर एकाच किंवा जवळच्या अवयवांचे कर्करोग वाढलेले दिसायला हवेत : आर्सेनिक असेल तर त्वचा, फुफ्फुस, मूत्राशय, ॲस्बेस्टॉस असेल तर फुफ्फुस आणि त्याचे आवरण. आपल्या गल्लीत चौघांचे चार निरनिराळे अवयव आहेत. प्रोस्टेटचा कर्करोग मुख्यतः वाढत्या वयाचा आहे, स्तनाच्या कर्करोगात वय, वजन आणि स्त्रीच्या संप्रेरकांचा इतिहास महत्त्वाचा असतो, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात बहुतेक वेळा एकच एक बाह्य कारण सापडत नाही. त्या मुलाच्या आईवडिलांना कोणी 'पाण्यामुळे झाले' किंवा 'खाण्यामुळे झाले' असे बोलून दाखवू नये, एवढी विनंती आहे. भारतात नऊ माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी कर्करोग होण्याची शक्यता असल्याचा राष्ट्रीय नोंदणीचा अंदाज आहे. अंगणात मूठभर ज्वारी फेकली तर दाणे सारख्या अंतराने पडत नाहीत, कुठे चार एकत्र पडतात आणि कुठे हातभर जागा मोकळी राहते. असे असले तरी एकाच प्रकारचा कर्करोग, विशेषतः तरुण माणसांत, वस्तीत वारंवार दिसू लागला, तर त्याची नोंद ठेवून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवणे योग्य ठरेल.

आता त्या जाता जाता आलेल्या तीन गोष्टी. दिरांच्या कारखान्यात राखेबरोबर दगडाची भुकटी आणि सिमेंटही कोरडे हाताळले जात असणार. राखेतील सिलिकाचा काही भाग स्फटिकरूप असतो आणि दगडाच्या भुकटीत तो त्याहून जास्त असू शकतो. श्वासावाटे जाणारे स्फटिकरूप सिलिका १९९७ पासून पहिल्या गटात आहे आणि कर्करोगाच्या आधी ते फुफ्फुसे कठीण करून टाकणारा सिलिकोसिस घडवते. आपल्या स्लॅबवर महिनाभरात पडते, त्याहून अधिक धूळ त्यांच्या नाकासमोर एका पाळीत उडत असेल. माल ओला करून हाताळणे, एन-९५ मास्क, दरवर्षी छातीची तपासणी, ही मालकाकडे मागण्याच्या गोष्टी आहेत. आणि कामाचे कपडे कारखान्यातच झटकून, बदलून घरी येणे ही त्यांनी स्वतः करण्याची गोष्ट आहे. ते कपडे सुनेने धुवू नयेत.

पडवीचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतील. आपल्याकडे ते अजूनही कायदेशीरपणे बनतात आणि विकले जातात, हे मला पटत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. छतावर अखंड असलेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही. हातोड्याने फोडला किंवा ग्राइंडरने कापला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत पसरतात, फुफ्फुसांत रुततात आणि शरीर ते विरघळवू शकत नाही. फुफ्फुसाच्या आवरणाचा जो कर्करोग त्यामुळे होतो, तो २० ते ५० वर्षांनी दिसतो. म्हणून 'पत्रे फोडून' हे शब्द मिस्त्रीला सांगू नका. पत्रे पाण्याने चिंब भिजवून, नटबोल्ट खोलून, अख्खेच्या अख्खे उतरवायचे. तुटलेले तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे. त्यांचा भराव म्हणून वापर करायचा नाही. आणि त्या दिवशी सुनेने माहेरी किंवा नातेवाइकांकडे राहायचे. बाळंतपण होईपर्यंत पत्रे आहेत तिथेच राहू दिले, तर सर्वांत उत्तम.

मिस्टरांनी पायाच्या यंत्राविषयी जो शहाणपणा दाखवला, तो खऱ्र्याविषयी दाखवलेला दिसत नाही. बिडी-सिगारेट ओढत नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा आपल्या विदर्भातील फार जुना भ्रम आहे. खऱ्र्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असतो. तंबाखूतील नायट्रोसामाइन हे सरळ डीएनएवर घाला घालणारे पदार्थ आहेत. चुना तोंडातील आम्लता घटवून निकोटिन पटकन रक्तात पोहोचवतो, म्हणून तलफ घट्ट बसते. आणि सुपारीतील अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साठून ती चामड्यासारखी कडक होत जाते. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनापासून पहिल्या गटात आहे, तेव्हा 'कमी तंबाखूचा घोटून दे' या तडजोडीला अर्थ नाही. खर्रा ज्या पन्नीत घोटतात, ती पन्नी घातक आहे का, असे लोक मला विचारतात. माझे उत्तर असे की, पन्नीच्या आत जे आहे, त्याचे आधी बोला. राखेचा कण श्वासाबरोबर येतो आणि पुष्कळदा उच्छ्वासाबरोबर निघून जातो, तर खऱ्र्याची गोळी दररोज तासन्‌तास गालाच्या एकाच जागी दाबून ठेवलेली असते. २०२० सालासाठीच्या राष्ट्रीय नोंदणीच्या अंदाजानुसार देशातील एकूण कर्करोगांपैकी सुमारे २७ टक्के तंबाखूशी संबंधित अवयवांचे होते, आणि नागपूरच्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. आपल्या गल्लीतील चौघांपैकी ज्याच्या कारणाकडे बोट दाखवता येईल, असा तो एकच आहे.

मिस्टरांना आज संध्याकाळी आरशासमोर उभे करून तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्यांचीच तीन बोटे उभी करून दातांच्या मधून आत जायला हवीत. दोनच जात असतील, तर सुपारीने आपले काम सुरू केलेले आहे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, आणि पूर्वी सावजीचा रस्सा भुरकणारा माणूस अलीकडे साधी भाजीही तिखट लागते म्हणून बाजूला सारतो, हीही लक्षणे आहेत. त्यांपैकी एकही असो वा नसो, तोंडाची तपासणी करून घ्यावी. खर्रा सोडायला मदत हवी असेल, तर १८०० ११ २३५६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे आणि निकोटिनची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. सोडल्यावर धोका एका दिवसात उतरत नाही, वर्षागणिक उतरतो. म्हणूनच बाळाच्या बारशापर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. आपण स्वतः तिशी ओलांडलेली असल्यामुळे स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रात करून घ्यावी. हजारो रुपये घेऊन 'संपूर्ण शरीराचा कॅन्सर' शोधणाऱ्या रक्तचाचण्यांच्या पॅकेजचा निरोगी माणसाला उपयोग नसतो.

राहिला घराचा प्रश्न. बेसा-मनीषनगरला चिमणी जवळ नाही, हे खरे. पण तिथेही बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर आणि अनेक ठिकाणी बोअरचेच पाणी आहे. कर्ज काढून तिकडे गेलात आणि मिस्टरांचा खर्रा, दिरांचे धुळीचे कपडे व न तपासलेले पाणी सोबत नेलेत, तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होईल. पाण्याच्या दोन्ही अहवालांत धातू मर्यादेबाहेर निघाले आणि नळाचे पाणी मिळण्याची सोय नसेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असून हवेमुळे त्याला वारंवार दवाखाना गाठावा लागत असेल, तर मी स्थलांतराच्या बाजूने मत देईन. एरवी नाही. आणि आपण तिथेच राहणार असाल, तर राखेचा हिशेब संबंधितांना विचारण्याचा हक्क आपल्याकडे राहतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी धूर आणि गंधकाच्या वायूचे कडक निकष ठरवले आणि त्यांच्या मुदती नंतर पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार करताना तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि स्लॅबचे छायाचित्र जोडावे, आणि पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला देऊन पर्यायी पाण्याची मागणी करावी. गल्लीतील पाच-दहा घरांनी मिळून नमुने दिले, तर खर्चही वाटला जातो आणि तक्रारीला वजनही येते.

कामांचा क्रम विचाराल, तर या आठवड्यात मिस्टरांच्या तोंडाची तपासणी आणि पाण्याचा नमुना ही दोन कामे करा. पत्र्यांच्या मिस्त्रीला थांबायला सांगा. तोंडाची तपासणी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे मेडिकलच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात होते, सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी असते, आणि जाताना मिस्टरांनी गालातला खर्रा घरीच थुंकून, चूळ भरून जावे, म्हणजे डॉक्टरांना चट्टा नीट दिसेल.